दोन बारांमधला वेळ

१७२० चा पावसाळा ओसरत असताना मुंबई बंदरातून एक चमत्कारिक तरांडे दक्षिणेकडे निघाले. तळ सपाट, बाजू तोफेचा गोळा अडवतील इतक्या जाड, आणि पोटात बारा जड तोफा. चाल इतकी मंद की मोक्याच्या जागी न्यायचे तर दुसऱ्या नौकांनी ओढावे लागे. ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांनी त्याचे नाव ठेवले होते ‘फ्राम’. १७१७ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने विजयदुर्गावर आरमार पाठवले होते, ते मार खाऊन परतले. पुढच्या वर्षी खांदेरीपुढेही तीच गत झाली. किल्ल्यापुढे लाकडी जहाज टिकत नसेल तर जहाजाचाच किल्ला करावा, असा हा नवा विचार होता.

वॉल्टर ब्राउनच्या हाताखाली हा काफिला सप्टेंबरात विजयदुर्गापुढे उभा राहिला. फ्राम ओढून पुढे आणला, तोफांना बत्ती दिली, आणि गोळे किल्ल्याऐवजी समोरच्या पाण्यात पडले. तोफांसाठी बाजूंना ठेवलेल्या झरोक्यांत तोंड वर उचलायला जागाच नव्हती. सुतार लावून ते मोठे करून घ्यावे लागले. त्यानंतरही किल्ला जागचा हलला नाही. परतीच्या वाटेवर युरोपीय चाच्यांशी गाठ पडली, तेव्हा हे जड धूड त्यांच्या हाती लागू नये म्हणून इंग्रजांनी स्वतःच ते जाळून टाकले.

फ्रामची फजिती गमतीने सांगितली जाते, पण तिच्यात जहाजावरच्या तोफांचा एक जुना पेच आहे. मोठी तोफ लांब मारते आणि जोरात मारते. मात्र ती भरायला वेळ लागतो आणि वळवायला त्याहून जास्त. शत्रू या वेळेतच जवळ येतो. विजयदुर्गाच्या आरमाराने पाऊणशे वर्षे ज्या लढाया केल्या, त्या पुष्कळशा दोन बारांमधल्या या वेळेवर खेळलेल्या होत्या. आजच्या युद्धनौकेवरची मिनिटाला चार-पाच हजार गोळे झाडणारी तोफही त्याच वेळेशी झगडते आहे.

किल्ला आणि गोदी

वाघोटणची खाडी अरबी समुद्राला मिळते तिथे, दक्षिणेच्या काठावर, विजयदुर्ग उभा आहे. इंग्रज आणि डच कागदांत त्याचे नाव घेरिया. आदिलशाहीकडून हा किल्ला घेतल्यावर शिवाजी महाराजांनी त्याला नवे नाव आणि तिहेरी तटबंदी दिली. उघड्या समुद्रावर वादळ असतानाही खाडीच्या आतले पाणी शांत असते आणि जहाजे बरीच आतपर्यंत जाऊ शकतात. किल्ल्यापासून तीनेक किलोमीटरवर, गिर्ये गावाच्या हद्दीत, कातळ फोडून केलेली गोदी आहे. सुमारे ३५५ फूट लांब आणि २२७ फूट रुंद अशी तिची मापे जुन्या गॅझेटियरने दिली आहेत. किल्ल्यापुढच्या समुद्रात पाण्याखाली सव्वाशे मीटरच्या आसपास लांबीची भिंतही सागरी पुरातत्त्वाच्या पाहणीत नोंदली गेली आहे. म्हणजे शत्रूला आधी बुडालेल्या दगडांतून, मग तटावरच्या तोफांच्या टप्प्यातून आणि मग खाडीतल्या नौकांमधून वाट काढावी लागे.

कान्होजी आंग्रे सरखेल यांच्या काळात ही सगळी रचना एका हाती आली. १७२९ मध्ये कान्होजी वारले. थोरले सेखोजी १७३३ मध्ये गेले आणि घर फुटले. मानाजी कुलाब्याला, तर संभाजी विजयदुर्गाला, अशी वाटणी झाली. संभाजींनंतर दक्षिणेचा हा भाग तुळाजी आंग्र्यांकडे आला. गिर्ये, विजयदुर्ग, देवगड या पट्ट्यातले गाबीत, भंडारी, कोळी हे या आरमाराचे हातपाय होते. वल्ही त्यांची, शिडे त्यांची, आणि शत्रूच्या जहाजावर पहिली उडीही त्यांचीच.

गुराबा पुढे, गलबते भोवती

आंग्र्यांचे आरमार कसे लढे याचे सगळ्यांत नेटके वर्णन कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने केले आहे. गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, उथळ पाण्यात चालणारे जहाज. तीन काठ्यांची गुराब तीनशे टनांपर्यंत, दोन काठ्यांची दीडशेच्या आत. पुढची नाळ लांब, चोचीसारखी बाहेर आलेली आणि वरून उघडी, म्हणजे अंगावर चढलेली लाट तशीच वाहून जावी. या नाळेच्या मागे, आडव्या फळीच्या भिंतीतून तोंडे बाहेर काढलेल्या ९ किंवा १२ पौंडी दोन तोफा असत आणि त्या सरळ पुढे मारीत. बाजूंच्या तोफा ६ ते ९ पौंडांच्या.

गलबत हे त्याचे धाकटे भावंड. मोठ्यात मोठे सत्तर टनांचे. चाळीस-पन्नास वल्ही, एक मोठे तिकोनी शीड, आणि भार कमी राहावा म्हणून पुष्कळदा चिरलेल्या बांबूंचा तक्ता. लहान गलबतांवर कठड्याला खिळीवर बसवलेले जंबुरे, तर मोठ्यांवर २ ते ४ पौंडी सहा-आठ तोफा. वारा नसला तरी हे गलबत नुसत्या वल्ह्यांवर ताशी चार मैल जाई. आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबते मिळून एक मोठा काफिला होई.

आता समोरच्या जहाजाचा विचार करू. युरोपीय व्यापारी जहाजाच्या तोफा दोन्ही बाजूंना ओळीने लावलेल्या असत. त्यांचा भडिमार भयंकर, पण तो फक्त बाजूला. पिछाडीला कप्तानाच्या खोलीच्या खिडक्या आणि जेमतेम दोन-चार तोफा. बाजू शत्रूकडे वळवायची तर अख्खे जहाज वळवावे लागे, आणि त्यासाठी वारा हवा. कोकण किनाऱ्यावर पहाटे मतलई वारे जमिनीकडून वाहतात, दुपारनंतर खारे वारे समुद्राकडून येतात, आणि मधल्या वेळात अनेकदा पाणी आरशासारखे पडून असते. आंग्र्यांचे तांडेल हीच वेळ साधत. गलबते दोर लावून गुराबांना शत्रूच्या पिछाडीमागे आणून सोडीत. तिथून गुराबा नाळेवरच्या तोफांनी डोलकाठ्या, परभाणे आणि दोरखंड यांचा निशाणा धरीत. जहाजाचे लाकूड फोडण्यापेक्षा त्याचे चालणे बंद करणे त्यांना महत्त्वाचे वाटे. काठ्या कोसळल्या की जहाज पांगळे झाले. तरीही त्याने माघार घेतली नाही, तर दर गलबतात दोनशे-तीनशे माणसे भरून, तलवारी उपसून, एकदम सगळ्या अंगांनी चढाई.

या शेवटच्या चढाईचे गणित पाहण्यासारखे आहे. जहाजावरची जड तोफ उडाली की मागे सरके. तिची नळी ओल्या पोताऱ्याने पुसायची, दारू भरायची, गोळा आणि चिंधी गजाने ठासायची, पुन्हा झरोक्यातून तोंड बाहेर काढायचे, कानात दारू घालायची आणि निशाणा धरायचा. चांगल्या सरावाच्या गोलंदाजांनाही याला दीड-दोन मिनिटे लागत, कच्च्यांना दुप्पट. ताशी चार मैलांनी येणारे गलबत दोन मिनिटांत दोनशे मीटर पाणी कापते. काहीशे मीटरच्या आत आलेल्या गलबतावर एका तोफेला दोन, फार तर तीन बार मिळणार. हलत्या जहाजावरून, एवढ्याशा बुटक्या नौकेवर. आणि अशी गलबते एकाच वेळी आठ बाजूंनी येत असताना.

जंबुरा

याला त्या काळाचे उत्तर होते कठड्यावरची लहान तोफ. युरोपीय जहाजांवर आणि मराठी गलबतांवरही ती असे. ती खिळीवर फिरे, एक माणूस तिला हव्या त्या दिशेला वळवी, आणि तिच्यात एका गोळ्याऐवजी मूठभर छर्रे किंवा बंदुकीच्या गोळ्या भरीत. तिचे लक्ष्य जहाज नसे, चढणारी माणसे असत.

या जातीत एक फार हुशार प्रकार होता. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तो हिंदी महासागरभर पसरवला. त्याची नळी मागून उघडी असे. दारू भरलेले लोखंडी भांडे, कान असलेल्या पेल्यासारखे, नळीच्या मागे बसवायचे, पाचर ठोकून घट्ट करायचे आणि जामगी लावायची. बार झाला की पाचर काढून रिकामे भांडे उचलायचे आणि आधीच भरून ठेवलेले दुसरे तिथे बसवायचे. एका तोफेमागे अशी चार-सहा भांडी तयार ठेवली, तर जड तोफेच्या एका बाराच्या वेळेत हिचे अनेक बार होत. नळी आणि दारूचे भांडे वेगळे करून भरण्याचा वेळ लढाईच्या आधीच उरकून घेण्याची ही युक्ती. आजचा काडतुसांचा पट्टा याच विचाराचा आहे.

तिची खोटही तिथेच होती. भांडे आणि नळी यांच्या सांध्यातून धूर आणि ज्वाळा निसटत, जोर कमी पडे, म्हणून दारू बेतानेच घालावी लागे. पल्ला जेमतेम हाकेच्या अंतराचा. म्हणजे जलद मारा हवा असेल तर लांबचा मारा सोडावा लागे. ही अदलाबदल पुढे तीनशे वर्षे तोफ बनवणाऱ्यांची पाठ सोडणार नव्हती.

जंबुऱ्यांचा उपयोगही शत्रू त्यांच्या छोट्या पल्ल्यात आला तरच. २६ डिसेंबर १७३५ रोजी सुवर्णदुर्गाच्या बाजूला संभाजी आंग्र्यांच्या गुराबांनी विलायतेहून आलेले ‘डर्बी’ हे कंपनीचे जहाज धरले, तेव्हा लढाई नेमकी पिछाडीवरून झाली. बाजूंच्या तोफा नुसत्या बघत राहिल्या. मुंबईच्या आरमाराला वर्षभर पुरणारे सामान त्या जहाजावर होते. ते सगळे आंग्र्यांकडे गेले. १७५४ मध्ये तुळाजींच्या काफिल्याने ५०, ३६ आणि १८ तोफांच्या तीन डच जहाजांना गाठले. दोन मोठी जाळली आणि तिसरे पकडले. याच डचांनी १७२४ मध्ये विजयदुर्गावर सात जहाजे आणली होती आणि हात हलवत परत गेले होते. मोठ्या तोफांचे जहाज मोकळ्या समुद्रात एकटे सापडले, तर लहान नौकांचा थवा त्याला लोळवू शकतो, हे विजयदुर्गाने पुन्हा पुन्हा दाखवले.

१२ फेब्रुवारी १७५६

मग विजयदुर्ग पडला कसा?

तोफांच्या आधी राजकारण पाहावे लागते. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हते. नानासाहेब पेशव्यांनी मार्च १७५५ मध्ये मुंबईकर इंग्रजांशी करार केला आणि एप्रिलमध्ये कमोडोर विल्यम जेम्सने ‘प्रोटेक्टर’ या ४४ तोफांच्या जहाजासह सुवर्णदुर्ग जिंकला. तिथे त्याने आंग्र्यांना चढाईची संधीच दिली नाही. लांबून, सतत, बॉम्बगोळ्यांचा मारा करून त्याने किल्ल्यातले दारूकोठार उडवले. त्या वर्षाअखेरीस तो गुपचूप विजयदुर्गाच्या तोंडाशी येऊन पाण्याची खोली मोजून गेला. किल्ला ऐकला होता तेवढा उंच आणि अभेद्य नाही, आणि मोठी जहाजे तटाच्या अगदी जवळ नेता येतील, असे त्याने कळवले.

७ फेब्रुवारी १७५६ ला ॲडमिरल चार्ल्स वॉटसनचे आरमार मुंबईहून निघाले. इंग्लंडच्या राजाच्या आरमारातली ‘केंट’, ‘कंबरलँड’, ‘टायगर’, ‘सॅलिसबरी’ ही मोठी जहाजे, कंपनीची जहाजे, बॉम्बगोळे फेकणाऱ्या उखळी तोफांच्या नौका, आणि जमिनीवर उतरायला रॉबर्ट क्लाइव्हची फौज. खुष्कीच्या बाजूने पेशव्यांचे सरसुभेदार रामाजी महादेव आधीच किल्ल्याला वेढा घालून होते. तुळाजी बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेले आणि तिथेच अडकले. किल्ल्यात सेनापती उरला नाही.

आंग्र्यांचे आरमार किल्ल्याच्या उत्तर बाजूला, खाडीत, तटाच्या सावलीत नांगरून होते, आणि जहाजे एकमेकांना दोरांनी बांधलेली होती. मोकळ्या पाण्यात ज्या नौकांची ताकद वेगात आणि वळण्यात होती, त्या इथे एक लांबलचक न हलणारा लाकडी ढीग होऊन बसल्या. १२ तारखेच्या दुपारी वॉटसनची मोठी जहाजे ओळीने खाडीत शिरली आणि तटापासून अगदी थोड्या अंतरावर नांगर टाकून उभी राहिली. लहान आणि उखळी नौका त्यांच्या आडोशाला. दीडशेच्या आसपास तोफा एकाच वेळी उत्तर तटावर सुरू झाल्या.

इंग्रजांनी दोन बारांमधला वेळ इथे संख्येने भरून काढला. एक तोफ भरत असताना बाकीच्या उडतच होत्या. आंग्र्यांच्या जहाजांना पुढे येऊन पिछाडी गाठायला जागा नव्हती. थोड्याच वेळात एक बॉम्बगोळा आंग्र्यांच्या ताफ्यातल्या ‘रेस्टोरेशन’वर पडला. हे जहाज मुळात इंग्रजांचेच, १७४९ मध्ये तुळाजींनी पकडलेले. त्याने पेट घेतला, आग दोरांवरून शेजारच्या गुराबेवर गेली, तिथून पुढच्या. तासाभरात अवघे आरमार जळले. बांधणीला घेतलेली जहाजेही वाचली नाहीत. रात्री क्लाइव्हने फौज उतरवली, तीही रामाजीपंतांच्या फौजेआधी किल्ल्यापर्यंत पोचण्यासाठी. १३ तारखेला किल्ल्याने शरणागती पत्करली. आत सुमारे दहा लाख रुपये रोकड आणि दोनशेहून जास्त तोफा निघाल्या. इंग्रजांची मेलेली आणि जखमी माणसे विसाच्या आसपास. तुळाजी उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत होते.

इंग्रजांनी किल्ल्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव देऊन तो आठ महिने दाबून ठेवला आणि ऑक्टोबर १७५६ च्या तहात बाणकोट आणि काही गावे पदरात पडल्यावरच पेशव्यांना दिला. पेशव्यांना किल्ला मिळाला, गोदी मिळाली. खाडीत राख उरली होती.

रेंजर

तरीही विजयदुर्गाची नाविक विद्या आरमाराबरोबर जळली नाही. पेशव्यांच्या आरमाराचे सुभेदार आनंदराव धुळप यांनी याच गोदीतून पुन्हा गुराबा आणि गलबते उभी केली. ८ एप्रिल १७८३ रोजी रत्नागिरीजवळ त्यांच्या काफिल्याने ‘रेंजर’ हे मुंबईहून मलबारकडे चाललेले १२ तोफांचे इंग्रजी जहाज गाठले. त्यावर लढाईवर निघालेले मोठे लष्करी अधिकारी होते. सालबाईचा तह होऊन वर्ष होत आले होते; तरी लढाई जुंपली, आणि ती जुन्याच पद्धतीने झाली. चहूबाजूंनी घेरणे, काठ्या-दोरांवर मारा आणि मग तलवारीनिशी चढाई. इंग्रज शेवटपर्यंत हातघाईने लढले. त्या अधिकाऱ्यांपैकी कर्नल हंबरस्टन जखमांनी विजयदुर्गातच वारला. तहामुळे जहाज पुढे परत करावे लागले, पण बारा तोफांना थव्यापुढे थांबावे लागते हे धुळपांच्या लोकांनी दाखवून दिले होते. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला आणि विजयदुर्गाच्या गोदीत लढाऊ जहाज बांधण्याचे पर्व संपले.

गलबते परत आली

एकोणिसाव्या शतकात तोफा प्रचंड झाल्या. १८७० च्या सुमारास मुंबई बंदराच्या रक्षणासाठी ‘ॲबिसिनिया’ आणि ‘मॅग्डाला’ ही दोन चिलखती जहाजे आली. प्रत्येकावर फिरत्या बुरुजांत १० इंची चार तोफा. एकेका तोफेचे वजन १८ टन, आणि ती अजूनही तोंडातूनच भरायची. फ्रामचा विचार शेवटी लोखंडात उतरला. त्याच दशकात टॉर्पेडो बोट निघाली, लहान, वेगवान, एकाच घावात मोठ्या जहाजाचा तळ फोडणारी. १८ टनांची तोफ तिच्यापुढे तितकीच लाचार होती जितकी गलबतापुढे ‘डर्बी’. उत्तर पुन्हा लहान आणि जलद तोफेत सापडले. मूठ फिरवून चालणारी गॅटलिंगची अनेक नळ्यांची बंदूक १८६२ पासून होतीच. मग नॉर्डेनफेल्ट आणि हॉचकिस यांच्या जलद तोफा जगभरच्या आरमारांनी जहाजांच्या कठड्यांवर लावल्या. दुसऱ्या महायुद्धात विमाने आली. त्यांच्यावर ओर्लिकॉन आणि बोफोर्सच्या तोफा.

२१ ऑक्टोबर १९६७ ला इजिप्तच्या छोट्या नौकांनी सोडलेल्या स्टिक्स क्षेपणास्त्रांनी ‘इलात’ ही इस्रायली विनाशिका बुडवली आणि सगळ्या आरमारांना जाग आली. भारताने हा धडा हल्लेखोराच्या बाजूने गिरवला. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री मुंबईच्या क्षेपणास्त्र नौकांपैकी ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ कराचीवर गेल्या. ‘निर्घात’ने सोडलेले क्षेपणास्त्र येताना दिसले, तेव्हा ‘खैबर’ या पाकिस्तानी विनाशिकेच्या लोकांना ते विमान वाटले आणि त्यांनी विमानविरोधी तोफा चालवल्या. तोफांच्या मागे माणसाचा डोळा होता, आणि समोरून येणारी वस्तू त्या डोळ्यासाठी फार वेगवान होती. ‘खैबर’ बुडाली. लहान नौका, मोठे जहाज, अपुरा वेळ.

म्हणून पुढच्या पिढीच्या तोफेतून निशाणा धरणारा माणूस काढून टाकण्यात आला. अमेरिकेची ‘फॅलँक्स’ १९८० पासून जहाजांवर बसू लागली. तिचे रडार तिच्याच अंगावर असते आणि ते येणाऱ्या क्षेपणास्त्राबरोबर आपल्या गोळ्यांचाही माग घेत नेम सुधारत जाते. सोव्हिएतांची तोफ म्हणजे एके-६३०: ३० मिलिमीटरच्या सहा नळ्या एकत्र फिरतात, बार करणाऱ्या वायूच्याच जोरावर, आणि रडार वेगळ्या जागी असते. भारतीय नौदलाने हीच तोफ पत्करली. मुंबईत माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या ‘दिल्ली’पासून ‘विशाखापट्टणम’ आणि ‘मुरगाव’पर्यंतच्या विनाशिकांवर ती दिसते.

तिचे गणितही जुन्या गणिताशेजारी मांडून पाहावे. लाटांवरून येणारे क्षेपणास्त्र सेकंदाला सुमारे तीनशे मीटर कापते. तोफेचा खात्रीचा मारा दोन किलोमीटरच्या आसपास सुरू होतो, असे धरले तर हाती सात सेकंदांहून कमी वेळ. मिनिटाला पाच हजारांच्या वेगाने तेवढ्यात पाचशेहून जास्त गोळे जातात. म्हणजे दोन बारांमधला वेळ सेकंदाच्या ऐंशीव्या भागाइतका उरला. पण पट्ट्यात गोळे दोन हजार. सलग झाडले तर अर्ध्या मिनिटाच्या आत संपतील. आणि इतक्या जवळ क्षेपणास्त्र फुटले तरी त्याचे तुकडे त्याच वेगाने जहाजावर येऊ शकतात. जलद मारा आणि लांबचा मारा यांची जुनी अदलाबदल अजून सुटलेली नाही.

शेवटचा थर

१७ मे १९८७ ला इराणच्या आखातात ‘स्टार्क’ या अमेरिकन जहाजावर दोन एक्झोसेट क्षेपणास्त्रे आदळली आणि ३७ माणसे गेली. जहाजावर फॅलँक्स होती. तिला लढाईच्या स्थितीत आणलेच नव्हते. जानेवारी २०२४ मध्ये लाल समुद्रात ‘ग्रेव्हली’ या जहाजाने हुथींचे क्षेपणास्त्र याच तोफेने, सुमारे एका मैलावर, पाडले. लांबचे थर भेदून ते इतके जवळ आले हीच बातमी झाली. त्याच सुमारास, डिसेंबर २०२३ मध्ये, गुजरातच्या किनाऱ्यापासून दूर ‘केम प्लूटो’ या व्यापारी जहाजावर ड्रोन आदळला आणि नौदलाने ‘मुरगाव’सह विनाशिका अरबी समुद्रात पाठवल्या. ड्रोन स्वस्त, लहान, आणि थव्याने येऊ शकणारे. ऑर्मने वर्णिलेली चढाई आकाशातून परतली आहे.

या तोफेचे काम वेळ विकत घेण्याचे आहे, आणि तोही थोडाच. तिच्या बाहेर लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे, त्यांच्याही बाहेर विमाने, आणि सगळ्यांच्या बाहेर कोण मित्र आणि कोण शत्रू याचे राजकारण. म्हणून १७५६ कडे पुन्हा पाहावे. तुळाजींच्या पराभवाचा दोष त्यांच्या गुराबांवर किंवा गोलंदाजांवर टाकणे सोपे आहे, पण दोन वर्षांपूर्वी याच लोकांनी तीन डच जहाजांचा निकाल लावला होता. सुवर्णदुर्ग गेला तेव्हा बाहेरचा तट गेला; पेशवे आणि इंग्रज एक झाले तेव्हा त्याच्याही बाहेरचा. खाडीत बांधून ठेवलेल्या जहाजांनी स्वतःचा वेग सोडून दिला, तेव्हा शेवटचा थरही निकामी झाला. नानासाहेबांना या मोहिमेत एक अवज्ञा करणारा सरदार दिसला. त्याच्या हाताखाली पश्चिम किनाऱ्याचा बाहेरचा थर उभा आहे, हे त्यांना दिसले नाही. मुंबईकर इंग्रजांना ते दिसत होते, म्हणून ते या मोहिमेत आले आणि बाणकोट घेऊनच गेले.